वर दोन बोटं जागा

डिझाइनची हवा गेली हे मला बातम्यांतून नाही, रिकाम्या खुर्च्यांवरून कळलं. ठाण्यात एका खासगी क्लासमध्ये मी शनिवार-रविवार शिकवायची. मोबाइलवरचं अ‍ॅप कसं दिसावं, बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, असा विषय. एक काळ असा होता की उशिरा आलेल्यांना उभं राहून ऐकावं लागायचं. बी.कॉम. झालेले, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेले, बँकेतल्या नोकरीला कंटाळलेले असे सगळे यायचे. बाहेरच्या मोठ्या पाटीवर लिहिलेलंच होतं, 'चार महिन्यांत डिझायनर'. एकाने पहिल्याच तासाला हात वर करून विचारलं, "मॅडम, ह्याची बूम अजून किती वर्षं आहे?"

मी म्हटलं, "तू शिकेपर्यंत तरी राहील."

सगळे हसले, मीही हसले. बूम राहिली नाही.

आधी कंपन्यांनी भरती थांबवली. मग आमच्या कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात मी होते. मग सांगितल्याबरोबर चित्र काढून देणारी यंत्रं आली. ज्यांना डिझाइन म्हणजे चित्र वाटत होतं ते सगळे त्यांच्याकडे गेले. क्लासमध्ये पाच जण उरले, मग तीन. एका शनिवारी गेले तर मालकाने पाटी बदलली होती. विषय नवा होता, चार महिने तेवढे तसेच होते.

मला राग आला नाही, खोटं कशाला सांगू. त्या बूमने मला भरपूर दिलं. मी कमर्शियल आर्ट शिकले तेव्हा डिझायनर हा शब्दही कुणी वापरत नसे, लोक 'पेंटरचं काम' म्हणत. मधली पंधरा वर्षं लोक हात जोडून आमच्याकडे येत होते, त्या काळात मी शिकले, चुका केल्या आणि त्या चुकांचे पैसे दुसऱ्याने भरले. अशी संधी सगळ्यांना मिळत नाही. ती संपली, एवढंच.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी जव्हारला परत आले. घर आमचंच आहे. पुढच्या भागात दादा आणि वहिनी, मागच्या दोन खोल्यांत मी. दादा एसटी डेपोच्या कार्यालयातून निवृत्त झालेला, वहिनी आरोग्य केंद्रात परिचारिका. मी लग्न केलेलं नाही, आणि त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

मागच्या खोलीत संगणक मांडला आणि काम सुरू केलं. लग्नपत्रिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची प्रमाणपत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवर एक वाढदिवसवाला आणि खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे. एकदा मी म्हटलं, "निम्मे काढू या, चेहरे ओळखू तरी येतील." समोरचा गंभीर झाला. "ताई, फोटो काढला की माणूस तुटतो." मी चाळीसच्या चाळीस बसवले. ते कामही मी मन लावून केलं, सगळे चेहरे एका आकाराचे केले, कुणाचं कपाळ कापलं नाही. पण अशी कामं सीझनला येतात, बाकीचे दिवस खोली शांत असते. ही शांतता दादाला भिंतीपलीकडून ऐकू यायची.

दादाने माझ्यासाठी नोकरी शोधली. जवळच्या एका खासगी संस्थेत संगणक शिकवायची जागा, कंत्राटी, पण दर वर्षी वाढवून मिळणारी. सकाळी साडेदहा ते साडेपाच. टायपिंग, पत्र कसं लिहावं, तक्ता कसा भरावा. अर्ज त्यानेच भरला, सही तेवढी माझी घेतली. मुलाखत झाली आणि पत्र आलं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हावे.

त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आता बास झाली ती चित्रं. हौस म्हणून रविवारी कर."

"बघते."

"बघते काय? तुझ्या त्या लाइनीत आता कोण उरलंय?"

"मी उरलेय ना."

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, नोकरी काय वाईट नाही हो. दुपारी पंख्याखाली बसाल." वहिनी चांगल्या मनाने बोलत होती. दादाही. मला त्यांना सरळ उत्तर देता येत नव्हतं, कारण सरळ उत्तर मलाच माहीत नव्हतं. हवा होती म्हणून मी या धंद्यात होते की हा धंदा मला आवडत होता म्हणून, हे तपासायची वेळच कधी आली नव्हती.

शेवटी मी एक अट घातली. त्या वेळी माझ्या हातात एकच धड काम होतं, पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरच्या बचत गटाचं. नागलीच्या पिठाची पाकिटं. नाशिकच्या एका दुकानात चाळीस पाकिटांची पहिली पेटी गेली होती. मी दादाला म्हटलं, "दुकानाने पुढची ऑर्डर दिली तर मी नोकरी घेत नाही. माल परत आला तर एक तारखेला साडेदहाला हजर."

"लिहून देतेस?"

"जेवण झाल्यावर देते."

चौथ्या दिवशी पेटी परत आली.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. गटात अकरा बायका. घरची नागली, खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी चक्कीवरून दळून आणलेली. त्यांची अध्यक्ष माझ्याच वयाची, बोलायला चटपटीत, ती वहिनीच्या ओळखीने माझ्याकडे आली होती. तिने साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं पीठ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला चेहरा पायजे."

मी पहिली चौकशी केली चित्राची. "तुमच्याकडची दोन त्रिकोणांची माणसं काढू का, गोल करून नाचणारी?"

"नको बाय," तिच्याबरोबर आलेली, मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली. "ती सगळ्या ऑफिसांच्या भिंतीवर नाचतात. आमच्या पिठात कशाला?"

मी मनातल्या मनात तिला हात जोडले. त्या एका वाक्याने माझं आठवड्याचं काम वाचलं. मग लेबल साधं केलं. खाकी कागदी पाकीट, उभं राहणारं. त्यावर नागलीचं एक कणीस, मूठ आवळल्यासारखं, जसं शेतात दिसतं तसं. मोठ्या अक्षरात 'नागलीचं पीठ'. नाशिकवाल्या दुकानदाराने फोनवर सुचवलं होतं, "नाचणी लिहा, लोक नाचणी मागतात." अध्यक्षबाईंनी ऐकलं नाही. "नाचणी त्यांच्या घरी. आमच्याकडे पिकते ती नागली." खाली बारीक अक्षरात नाचणी घातलं, दोघंही गप्प बसले. वजन पाचशे ग्रॅम. गटाकडे चांगला इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि पाकिटाचं तोंड उष्णतेने चिकटवायचं हातमशीन होतं. पाकिटाचा आकार मी पाचशे ग्रॅम पीठ प्रत्यक्ष भरून, ठोकून, मोजून ठरवला होता. पीठ भरल्यावर वर चिकटवायला पुरेल एवढी कोरी पट्टी उरत होती. माझ्या टेबलावर सगळं बरोबर होतं.

परत आलेली पेटी उघडली तर आत सगळीकडे पीठ. निम्म्याहून जास्त पाकिटांची तोंडं सुटलेली. दुकानदार भला माणूस, फोनवर आवाज न चढवता म्हणाला, "बाई, दिसायला एक नंबर आहे. पण मी गिऱ्हाइकाला पाकीट देऊ का झाडू देऊ? एकदा नीट करून पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदा असं झालं तर मला जमायचं नाही."

दादा पेटीवर वाकून सुटलेली पाकिटं मोजायला लागला. मी म्हटलं, "दुकानदाराने आणखी एकदा पाठवा म्हटलंय. अट तीच, पेटी दुसरी." त्याने कॅलेंडर बघितलं. एक तारखेला सोळा दिवस होते. "ठीक आहे," म्हणाला, "पण तिसरी पेटी नाही."

माझी पहिली चूक अशी की मी बायकांना दोष दिला. तोंडाने नाही, मनात. मशीन नीट दाबत नसतील, घाई करत असतील, काट्याकडे बघत नसतील. आणि शहरातून शिकून आलेल्या डिझायनरला जे सुचतं तेच मला सुचलं. मी सूचनांचा एक तक्ता काढला. चार चौकोन, चार चित्रं, मोठे आकडे, '५०० आलं की थांबा' असा लाल हात. फार सुंदर झाला होता. जाड कागदावर छापून पाड्यावर पाठवला. आठवड्याने वहिनीबरोबर नमुन्याची दहा पाकिटं आली. सहाची तोंडं सुटलेली. मी एक-एक वजन केलं. पाचशे तीस, साडेपाचशे, पाचशे पस्तीस. एकही पाचशेचं नव्हतं.

आता सात दिवस उरले होते. मी खोडाळ्याची एसटी पकडली, फाट्यावर उतरले आणि पाड्यापर्यंत चालत गेले. अध्यक्षबाईंच्या पडवीत बायका पाकिटं भरत होत्या. माझा तक्ता भिंतीवर होता, उलटा नाही की तिरका नाही, बरोबर लावलेला, आणि त्याच्या खिळ्याला कुणीतरी चाळणी अडकवली होती.

"तुमी बसा ताई, च्या ठेवते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चहा राहू दे. मी बघायला आलेय. तुम्ही करा तुमचं."

"बघायला काय, सिनेमा हाये का?" एक तरणी बाई हसली. ती दोन वर्षं भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात 'पीस', 'लोडिंग', 'चलो चलो' असं बरंच यायचं. भरण्याचं काम तिच्याकडे होतं. तिच्या हाताला वेग होता. पाकीट काट्यावर, चमच्याने पीठ, चारशे, साडेचारशे, चारशे नव्वद, पाचशे. बरोबर पाचशेवर थांबली. मी मनात म्हटलं, मग घोळ कुठे होतो?

तिने पाकीट काट्यावरून उचललं, शेजारी बसलेल्या त्याच म्हातारीपुढे सरकवलं. म्हातारीने न बघता टोपल्यात हात घातला, एक मूठ पीठ घेतलं आणि पाकिटात सोडलं. मग पुढे चिकटवायला दिलं.

मी तीन पाकिटं तशीच भरताना बघितली. चौथ्याला विचारलं, "मावशी, ही मूठ कशाला?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "कसली मूठ?"

"आत्ता टाकलीत ती. काटा पाचशे दाखवत होता."

"तो काट्याने दिला," ती म्हणाली. "आपण काय दिला मग?"

बाकीच्या हसल्या, पण तिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. अध्यक्षबाईंनी समजावलं. या भागात धान्य कुणाला द्यायचं तर मापाने. आणि माप कधी सपाट द्यायचं नाही, वर शीग पाहिजे, डोंगरासारखी. हाताने माप पुसून सपाट दिलं तर कणसरी रुसते. कणसरी म्हणजे इथली धान्याची देवी. ती रुसली की देणाऱ्याच्या कणगीतलं धान्य सरायला लागतं. पाकिटाला शीग लावता येत नाही, म्हणून वर मूठ.

हे मला माहीत असायला हवं होतं. मी इथेच वाढले, पण तालुक्याच्या गावात, सरकारी नोकरदाराच्या घरात. आमच्याकडे वाण्याकडून किलोने पिशवी यायची. माझ्या टेबलावर मी पाकीट मापलं ते वाण्याच्या हिशोबाने.

मला लगेच तोडगा सुचला आणि मी खूश झाले. "मग असं करा. चारशे सत्तरवर काटा थांबवा. वरून मूठ टाका. पाचशे भरेल, तोंड सुटणार नाही, मूठही राहील."

भिवंडीवाली म्हणाली, "हां, ये सही है."

म्हातारीने माझ्याकडे शाळेतल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "मंग ती वरची मूठ कशी? ती मापातलीच झाली."

भिवंडीवालीने चमचा खाली ठेवला. "आजी बरोबर बोलते," ती म्हणाली. "गोदामात असाच असायचा. ग्रॅमभर जास्त गेला तर सुपरवायझर ओरडायचा. इथं कोण ओरडणार हाये?"

मी चहा घेतला. चहा पिताना माझ्या लक्षात आलं की मी पीठ मोजलं होतं, पाकीट मोजलं होतं, अक्षरं मोजली होती. या बायकांना काय द्यायचं आहे ते मी मोजलं नव्हतं. क्लासमध्ये मी हेच शिकवायची, वापरणाऱ्या माणसाकडे जाऊन बसा, बघा, मग काढा. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून शिकवायची. स्वतः मात्र लाल हाताचं चित्र छापून पाठवलं होतं.

चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "सगळ्यांनी एकेक मूठ काट्यावर टाका."

"कशाला?"

"मला मोजायचीय."

मग खरी मजा आली. अकरा जणींनी आळीपाळीने काट्यावर मूठ सोडली आणि मी वहीत लिहिलं. म्हातारीचा हात वाळलेला, तिची मूठ सगळ्यात लहान. भिवंडीवालीची सगळ्यात मोठी. अध्यक्षबाईंची मध्यम आली तर बायका ओरडल्या, "अध्यक्षीण चेंगट निघाली!" त्या म्हणाल्या, "पुन्यांदा टाकते," आणि दुसऱ्यांदा हात इतका भरून आणला की पीठ बोटांतून गळत होतं. मी दुसरी नोंदही लिहिली. कुणीतरी म्हटलं, "ताईची पण घ्या." मीही टाकली. माझी मूठ शेवटून दुसरी आली. "शिकलेल्यांची मूठ," म्हातारी म्हणाली, आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तिने मिळवला.

परतीच्या एसटीत मी वही उघडून बसले होते. सगळ्यात मोठी मूठ धरली, पीठ जरा फुगतं ते धरलं, तर पाकिटाला वर दोन बोटं जागा जास्त हवी होती. बाजारात मिळणारं त्यापुढचं तयार पाकीट फार मोठं. त्यात पीठ भरलं तर वर एवढं रिकामं राहतं की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. म्हणजे पाकीट बनवून घ्यायला हवं होतं. जव्हारचा चढ सुरू झाला तेव्हा मला जाणवलं, सकाळपासून मला नोकरी आठवलेली नाही. पहिली तारीख आठवलेली नाही, दादा आठवलेला नाही. डोक्यात फक्त दोन बोटं जागा होती. आणि मी खूश होते, अगदी पहिल्या वर्षाला असताना अक्षरं काढायला बसायची तशी. ही माझ्या स्वभावातली गोष्ट नाही. मी सहसा कामावर खूश नसते, काम संपल्यावर असते.

दुसऱ्या दिवशी नाशिकला गेले. पाकिटं बनवणारा माणूस एका गाळ्यात मोठाल्या रोलांच्या मध्ये बसला होता. त्याला आकार सांगितला.

"दोन बोटं जास्त? माल वाढवलाय?"

"नाही. पाचशेच."

"मग?"

मी मूठ सांगितली, शीग सांगितली. त्याने चष्मा वर केला. "मॅडम, माझ्याकडे रोज लोक येतात, पाकीट मोठं दिसलं पाहिजे आणि माल कमी बसला पाहिजे म्हणून. माल जास्त बसायला हवा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्या." मग त्याने रोल ओढला आणि कापून बघायला लागला. कागद तोच, फक्त कापायची लांबी बदलायची. त्याने शिवाय एक चांगली गोष्ट सुचवली. पाकिटाच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ, एक बारीक आडवी घडी पाडून दिली. पीठ तिच्या वर गेलं की हाताला लगेच कळतं. माझ्या लाल हातापेक्षा ती घडी कितीतरी शहाणी होती, आणि ती माझी नव्हे, त्याची कल्पना. हे नोंदवून ठेवते.

लेबल थोडं खाली आणावं लागलं. कणीस आता पाकिटाच्या मधोमध आलं, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं दिसायला लागलं. दुकानदाराला फोन करून विचारलं, "वर एक मूठ जास्त आहे, असं लेबलवर लिहू का?"

"अजिबात नको," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मूठ मोजायला बसेल. राहू द्या तसंच."

मला क्षणभर वाईट वाटलं. जन्मभर मी दिसणाऱ्या गोष्टींचं काम केलं आणि माझं सगळ्यात बरं काम म्हणजे न छापलेली, न दिसणारी दोन बोटं कोरी जागा. मग वाटलं, ठीक आहे. ज्यांना कळायला हवं त्या अकरा जणींना कळलंय.

नवी चाळीस पाकिटं भरून पेटी निघाली तेव्हा एक तारखेला दोन दिवस होते. पेटी नाशिकला पोचून दुकानदाराने उघडायला आणखी एक दिवस जाणार होता. अटीप्रमाणे मला थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पेटी एसटीच्या पार्सलमध्ये ठेवली, पावती घेतली, आणि तिथूनच, स्टँडच्या बाकावर बसून, संस्थेत फोन लावला. म्हटलं, पत्राबद्दल आभारी आहे, मी रुजू होणार नाही. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "नीट विचार केलाय का? जागा राहणार नाही."

"केलाय. तुमच्या यादीत पुढे कोण आहे?"

"मोखाड्याची एक मुलगी आहे. दोन वर्षं थांबलीय."

"मग तिला आजच कळवा," मी म्हटलं. ती मुलगी मी पाहिलेली नाही, पण त्या फोननंतर मला जे हलकं वाटलं त्यात तिचाही वाटा होता.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो वाणसामान लावत होता.

"पेटीचं काय झालं?"

"अजून पोचलीही नाही."

"अगं, मग अट कशाला घातलीस?"

"मला वाटलं होतं उत्तर पेटीत आहे. नव्हतं."

"आणि फुटली तर?"

"फुटली तर परत मोजीन. काम तेच आहे."

त्याने डाळीचा डबा फळीवर जोरात ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी त्याला दोष देत नाही. तो माझ्या म्हातारपणाची काळजी करत होता आणि मी ती करत नव्हते, म्हणजे दोघांची मिळून त्यालाच करावी लागत होती. वहिनीने मात्र जाता जाता म्हटलं, "वन्सं, पंखा आपण मागच्या खोलीत लावून घेऊ." आणि खरंच लावून घेतला.

दुकानदाराचा फोन शेवटच्या तारखेला दुपारी आला. चाळिसांतलं एक पाकीट फुटलं होतं. मी लगेच विचारलं, "कुठे फुटलं? तोंडाशी की बुडाशी?" तो म्हणाला, "बुडाशी. तुमची मूठ नाही, माझ्या माणसाने पेटी आपटली." त्याने पुढच्या महिन्यासाठी दोन पेट्या सांगितल्या, आणि विचारलं, नागलीचे पापड देता येतील का.

मी पाड्यावर फोन केला. अध्यक्षबाईंनी फोन स्पीकरवर लावला असावा, कारण मला मागे बायकांचा गलका ऐकू आला. भिवंडीवाली ओरडली, "लोडिंग चालू!" म्हातारी काय म्हणाली ते विचारलं तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती बोलते, एक फुटला तो कुणी भरलेला?"

संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात आला. "पापड म्हणे?"

"हो."

"पापड मोडतात. डेपोत असताना पापडाच्या पार्सलच्या तक्रारी बघितल्यात मी. वरून वजन पडतं म्हणून नाही मोडत, आत हलतात म्हणून मोडतात." मग त्याने बोट उगारलं. "हे मी नोकरीबद्दल बोलत नाहीये. नोकरी घ्यायला हवी होती असंच माझं म्हणणं आहे."

"माहितेय. बस. कसे हलतात ते सांग."

तो बसला. पाऊण तास बोलत होता. एसटीच्या टपावर आणि मागच्या डिकीत सामान कसं कसं आपटतं याबद्दल त्याला जेवढं माहीत आहे तेवढं मला एकाही कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं.

त्या क्लासमधल्या मुलाचा प्रश्न मला आता वेगळा वाटतो. त्याला वाटत होतं, बूम गेली की धंदा जातो. गेले ते लोक, ज्यांनी आमच्याकडे हात जोडून यायला सुरुवात केली होती. धंदा जिथल्या तिथे होता. कुणाला काहीतरी द्यायचं असतं, कुणाला घ्यायचं असतं, मधली वस्तू नीट व्हावी लागते. एवढंच ते काम आहे आणि ते करताना मला दिवस पुरत नाही. हे मला या वयात कळलं याबद्दल मी पाड्यावरच्या अकरा जणींची आभारी आहे, गाळ्यातल्या त्या चष्मेवाल्याची आहे, आणि माझ्याशी अजून सहमत नसलेल्या भावाचीही.

एक तारखेला सकाळी साडेदहाला मी फाट्यावर एसटीतून उतरले. हातात दादाने दिलेला रिकामा पुठ्ठ्याचा खोका होता. पाड्यावर पापड वाळत घातलेले असणार होते, आणि ते किती मोठे लाटतात ते मला अजून माहीत नव्हतं.